व्याख्येचे व्रत : ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबात मराठी भाषा कोठवर टिकते, याचा विचार केला तर एक गोष्ट चटकन ध्यानी येते. स्वयंपाकघरात ती टिकते, सणावारात टिकते, आरतीत आणि आजीच्या रागावण्यात टिकते. परंतु घरातील मुलाने ग्रहण म्हणजे काय, व्याज म्हणजे काय, घटना म्हणजे काय, पेशी म्हणजे काय असे विचारले की उत्तर देणारा आपोआप दुसऱ्या भाषेचा आधार घेतो. शब्द मराठी राहतो, पण त्याचा अर्थ सांगण्याचे काम परभाषेकडे जाते. ज्या भाषेत आपण वस्तूंची नावे घेतो परंतु त्या वस्तू समजावून सांगत नाही, ती भाषा हळूहळू पाहुण्यासारखी घरात राहू लागते.

आमच्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या स्मरणिकेत चरित्रलेख कोणाचा द्यावा, याचा आम्ही विचार केला तेव्हा म्हणूनच एक नाव पुढे आले. मराठीत मावेल तेवढ्या सर्व विषयांतील सर्व शब्दांचे अर्थ मराठीतच सांगून दाखवीन, असा संकल्प करून ज्याने तो आपल्या हयातीत तडीस नेला, आणि ज्याचा जन्म आपल्यासारखाच महाराष्ट्राच्या सीमेबाहेर झाला, ते ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यांचे जीवन मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सीमेवरचे बालपण

केतकर घराणे मूळचे कोकणातले. परंतु श्रीधरपंतांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. आज छत्तीसगढ राज्याची राजधानी असलेले हे नगर त्या काळी मध्यप्रांतात होते. मध्यप्रांत म्हणजे हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांचे जिल्हे एकाच कारभाराखाली असलेला प्रांत. अशा मुलखात वाढणाऱ्या मुलाला आपली भाषा हवेसारखी सहज वाटत नाही; ती शेजारच्या भाषेहून वेगळी आहे, तिला सीमा आहे, आणि सीमा असलेली प्रत्येक गोष्ट जपावी लागते, हे त्याला लवकर कळते. पुढे मराठी समाजाचा विचार करताना केतकरांची दृष्टी कधी एका शहराच्या पेठांत अडकली नाही, याचे एक कारण या जन्मस्थानात असावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचे शालेय शिक्षण वऱ्हाडात, अमरावतीस झाले. नंतर ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाखल झाले. परंतु ठरीव अभ्यासक्रमाच्या चाकोरीत त्यांचे मन रमणारे नव्हते. १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात शिकू लागले. तेव्हा उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारा मराठी तरुण बहुधा विलायतेची वाट धरी आणि बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी होऊन परते. केतकरांनी निराळा देश निवडला आणि विषयही निराळाच निवडला. तो विषय होता आपल्याच समाजाची रचना.

एका शब्दाची व्याख्या

केतकरांचे पहिले मोठे काम एका शब्दाभोवती फिरते. तो शब्द म्हणजे जात. हिंदुस्थानात हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता, परंतु त्याचा नेमका अर्थ काय हे सांगताना युरोपीय पंडितही गोंधळून जात. कोणी धंद्यावर भर देई, कोणी सोवळ्याओवळ्यावर, कोणी एका काल्पनिक मूळपुरुषापासूनच्या उत्पत्तीवर. मनुस्मृतीच्या आधारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचा शोध घेताना केतकरांना प्रथम हा गोंधळ दूर करावा लागला. १९०९ साली इथाका येथे ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जातीची दोन लक्षणे निश्चित केली. पहिले असे की, जातीच्या घटकांच्या पोटी जन्मलेल्यांनाच तिचे सभासदत्व मिळते आणि अशा सर्वांना ते मिळतेच. दुसरे असे की, गटाबाहेर विवाह करण्यास समाजाचा कडक निर्बंध असतो. बाकीच्या गोष्टी बदलत्या असू शकतात. ही दोन लक्षणे मात्र अटळ.

या व्याख्येचे महत्त्व किती होते, याची साक्ष थोड्याच वर्षांत मिळाली. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्यांनी सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले यांच्या व्याख्या तपासल्या, आणि मग केतकरांकडे वळून त्यांच्या व्याख्येला अधिक मान दिला. जात एकटी असू शकत नाही, ती इतर जातींच्या संदर्भातच ओळखता येते, हे केतकरांनी जाणले होते, याचा बाबासाहेबांनी गौरव केला. पण ते तेथे थांबले नाहीत. बाहेर लग्न करण्यास बंदी आणि जन्मानेच सभासदत्व ही दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली, आणि तेथून पुढे आपला स्वतंत्र सिद्धान्त मांडला.

या प्रसंगाचा उल्लेख आम्ही मुद्दाम विस्ताराने करीत आहोत. नेमकी व्याख्या केली म्हणजे ती कायमची टिकते असे नाही. परंतु ती नेमकी असली म्हणजे पुढच्या माणसाला तिची चूक दाखविता येते. मोघम बोलणाऱ्याला कोणी दुरुस्त करू शकत नाही. मराठी मातीतील दोन विद्वानांनी एका शब्दाचा अर्थ सात समुद्रांपलीकडे असा पारखून घेतला, परंतु तो इंग्रजीत. हेच काम मराठीत व्हावे, आणि एका शब्दासाठी नव्हे तर हजारो शब्दांसाठी व्हावे, हा ध्यास केतकरांच्या पुढील आयुष्याने घेतला.

परतीची वाट

१९११ साली कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग हिंदुत्वावरील निबंधाच्या रूपाने निघाला. लंडनच्या या मुक्कामात त्यांचा परिचय एडिथ कोहन या जर्मन-ज्यू घराण्यातील विदुषीशी झाला. १९१२ मध्ये केतकर हिंदुस्थानात परतले. मध्यंतरी पहिले महायुद्ध आले, आणि विवाहाचा योग आला तो १९२० मध्ये. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेऊन केतकरांनी त्यांचे पाणिग्रहण केले. त्या शीलवतीबाई झाल्या. जात म्हणजे बाहेर विवाह न करणारा गट, अशी व्याख्या करणाऱ्या पुरुषाने ती मर्यादा स्वतःच्या घरात ओलांडली, आणि तीही धर्मशास्त्रातील एका जुन्या विधीचा आधार घेऊन. केतकरांचा सारा स्वभाव या एका कृतीत दिसतो. परंपरा टाकून देणे त्यांना मान्य नव्हते आणि तिच्यापुढे हात जोडून स्वस्थ बसणेही मान्य नव्हते.

शीलवतीबाई केवळ पतीच्या सावलीत राहिल्या नाहीत. विंटरनित्स या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन भाषेतील इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला. त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली प्रकाशित केला, आणि संस्कृतच्या अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या तो वाचीत आल्या आहेत. परमुलखातून येऊन पुण्यात संसार करणाऱ्या या बाईंची कथा मुलूख सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी निराळ्या आदराने वाचावी अशी आहे. ‘मीच हे सांगितले पाहिजे’ हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

परत आल्यावर केतकरांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. त्या वेळी कलकत्त्यात एक मोठे काम नुकतेच पुरे झाले होते. नगेंद्रनाथ बसू यांच्या परिश्रमाने बंगाली भाषेतील ‘विश्वकोश’ १९११ साली बाविसाव्या खंडासह पूर्ण झाला होता. तिकडे आंध्रात कोमर्राजू लक्ष्मणराव तेलुगू ज्ञानकोशाच्या उद्योगास लागले होते. हे लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले आणि मराठी उत्तम जाणणारे होते. त्यांच्या कोशाचे तीन भाग निघाले. पुढे १९२३ मध्ये त्यांच्या अकाली निधनाने ते काम थांबले. म्हणजे हिंदुस्थानातील निरनिराळ्या भाषा त्या सुमारास एकच प्रश्न विचारीत होत्या : जगातील ज्ञान आमच्या भाषेत राहावयास येईल काय? मराठीच्या वतीने त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे केतकरांनी ठरविले.

मराठीत पूर्वी काय होते

मराठीत कोशवाङ्मय नव्हते असे मात्र नाही. राज्यकारभारात रूढ झालेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राजव्यवहारकोश’ शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचला गेला होता. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली निघाला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी सुधारलेली आवृत्ती आली. त्याच्या तोडीचा शब्दसंग्रह आजही शोधून सापडणे कठीण. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली प्राचीन आणि १८८१ साली अर्वाचीन व्यक्तींचा व स्थळांचा कोश सिद्ध केला होता. ही सारी कामे थोर होती.

परंतु एक उणीव होती. मोल्सवर्थच्या कोशात आपल्या शेतातील अवजाराचा, आपल्या सणाचा आणि आपल्या शिवीचाही अर्थ फार बारकाईने सांगितला आहे. पण सांगितला आहे तो इंग्रजीत. मराठी माणसाला आपलाच शब्द समजून घेण्यासाठी इंग्रजी यावी लागे. गोडबोल्यांच्या कोशाचे क्षेत्र माणसे व स्थळे यांपुरते होते. ज्योतिष, वैद्यक, रसायन, अर्थशास्त्र, कायदा, शेती, यंत्रे, देशोदेशींचे इतिहास, धर्म आणि वाङ्मय या सर्वांतील शब्द एका ओळीत लावून मराठीतच त्यांची फोड करणारा आणि शेवटपर्यंत गेलेला ग्रंथ अद्याप व्हावयाचा होता.

नागपूरची कंपनी

ज्ञानकोशाचे काम १९१६ च्या सुमारास नागपुरात सुरू झाले. येथे केतकरांची दुसरी विशेषता दिसते. पाठीशी संस्थानिक नाही, सरकार नाही, विद्यापीठ नाही, अशा स्थितीत त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ या नावाची मर्यादित जबाबदारीची कंपनी उभारली. भाग विकून भांडवल जमवावयाचे, वर्गणीदार मिळवावयाचे, आणि त्यांच्या पैशावर संपादक, लेखक, छापखाना चालवावयाचा, अशी ती योजना होती. ज्ञान ही दानाची वस्तू आहे असे मानणाऱ्या समाजाला त्यांनी सांगितले की, ते समाजाने मिळून उभे करावयाचे भांडवल आहे. पदवीधर डॉक्टर गावोगाव फिरून कोशाचे वर्गणीदार मिळवितो, हे दृश्य त्या काळी पुष्कळांना विचित्र वाटले. पण आज आपली मंडळे ज्या रीतीने चालतात, म्हणजे दहा घरांची वर्गणी, पाच माणसांची धडपड आणि वर्षअखेरचा ताळमेळ, त्याच रीतीने मराठीतील पहिला परिपूर्ण ज्ञानकोश तयार झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कचेरी पुढे पुण्यास आली. पुण्यात ग्रंथालये होती, शास्त्री होते, इंग्रजी शिकलेले पदवीधर होते. कोशाची आखणी केतकरांनी अशी केली होती की, प्रथम पाच प्रस्तावनाखंड द्यावयाचे आणि मग अकारविल्हे नोंदी सुरू करावयाच्या. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास हे त्या पाच खंडांचे विषय. ज्या वर्गणीदारांनी अ या अक्षराची वाट पाहिली त्यांना पाच जाडजूड खंड ओलांडावे लागले! व्यवहाराच्या दृष्टीने हे धाडस होते. परंतु केतकरांचे म्हणणे वेगळे होते. सुटा शब्द सुटाच समजत नाही. जगाच्या नकाशावर आपण कोठे उभे आहोत हे कळल्यावाचून जगातील गोष्टींचे अर्थ आपल्या दृष्टीने लावता येत नाहीत. परक्यांचा कोश भाषांतरित केला तर शब्द आपले होतील, पण दृष्टी परक्यांचीच राहील. ग्रीस-रोमला पाने मिळतील आणि सातवाहनांना ओळी. म्हणून आधी पायाभरणी, मग भिंती.

प्रस्तावनाखंडांनंतरचे सोळा खंड अकारविल्हे नोंदींचे, आणि शेवटी सूची व पुरवणी, असे मिळून एकंदर तेवीस खंड झाले. ज्ञानकोशाचा हा सारा व्याप १९२० च्या दशकाअखेरीस आटोपला. कामाची हकीकत केतकरांनी १९२७ साली एका पुस्तकात लिहिली. त्याच्या नावातच बारा वर्षांच्या कामाचा निर्देश आहे. एका तपात तेवीस खंड, आणि तेही टंकयंत्र, दूरध्वनी यांसारखी साधने दुर्मिळ असताना, हा हिशेब आजही थक्क करणारा आहे.

शब्द घडविण्याची कसोटी

असे काम करताना संपादकापुढे पदोपदी जो पेच पडतो तो सामान्य वाचकाच्या ध्यानी येत नाही. समजा रसायनशास्त्रातील एका वायूवर नोंद लिहावयाची आहे. त्याला मराठीत म्हणावयाचे काय? इंग्रजी नाव तसेच घ्यावे, संस्कृत धातूवरून नवे नाव पाडावे, की कारागिराच्या तोंडचा जुना शब्द उचलावा? इंग्रजी नाव घेतले तर विद्यार्थ्याला पुढे सोपे जाते, पण खेड्यातल्या वाचकाला बोध होत नाही. संस्कृत नाव पाडले तर ते भारदस्त दिसते, पण ते तोंडात बसेलच अशी शाश्वती नसते. जुना शब्द घेतला तर तो जवळचा वाटतो, पण त्याला आधीचे अर्थ चिकटलेले असतात. आणि नाव ठरल्यावरही काम संपत नाही. नाव म्हणजे व्याख्या नव्हे. ती वस्तू कशी ओळखावी, कोणत्या वर्गात बसते, त्या वर्गातील इतरांहून कशाने निराळी आहे, हे साध्या वाक्यांत सांगावे लागते. व्याख्या फार ऐसपैस झाली तर नको त्या वस्तू आत शिरतात. फार अरुंद झाली तर हव्या त्या बाहेर राहतात. तर्कशास्त्र्यांचे अतिव्याप्ती व अव्याप्ती हे जुने दोष कोशाच्या कचेरीत रोज समोर उभे राहतात.

त्या काळच्या मराठी शास्त्रग्रंथांत हायड्रोजनला उज्ज, नायट्रोजनला नत्र, कार्बनला कर्ब अशी नावे आढळतात. यांतील उज्ज हा शब्द आता बहुतेक विस्मृतीत गेला. परंतु नत्र राहिला. महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याशी खताविषयी बोलावे. नत्र, स्फुरद आणि पालाश हे शब्द तो सहज वापरतो, आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब किती आहे याची चौकशीही करतो. विद्वानांनी मेजावर घडविलेले शब्द बांधावर जाऊन पोचले. कोणता शब्द जगेल आणि कोणता मरेल हे घडविणाऱ्याच्या हाती नसते. पेरणी मात्र सर्वांचीच करावी लागते, हा धडा या शब्दांच्या इतिहासातून मिळतो.

केतकरांच्या कोशात दोष नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. घाईच्या खुणा त्यात आहेत. काही नोंदी विस्तृत, काही त्रोटक. संपादकाची मते ठिकठिकाणी डोके वर काढतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या समाजशास्त्राचे कित्येक सिद्धान्त आज ग्राह्य राहिलेले नाहीत. विज्ञानाच्या नोंदी तर जुन्या होणारच. परंतु यास्तव त्या ग्रंथाचे मोल शून्य झाले, असे म्हणणाऱ्यास आम्ही पुन्हा आंबेडकर-केतकर प्रसंगाची आठवण देऊ. पुढील पिढीने दुरुस्त करावे म्हणूनच मागील पिढीने लिहावयाचे असते.

कोशानंतरचे आयुष्य

ज्ञानकोशाचे काम आटोपत आले असता केतकरांनी कादंबऱ्या लिहावयास घेतल्या. ‘गोंडवनांतील प्रियंवदा’ आणि ‘परागंदा’ या १९२६ च्या. पुढे ‘आशावादी’, ‘गांवसासू’, ‘ब्राह्मणकन्या’ आणि अखेरच्या काळात ‘भटक्या’ व ‘विचक्षणा’. भाषेच्या लालित्याची अपेक्षा ठेवून या कादंबऱ्या वाचू लागलेल्या वाचकाची निराशा होते. परंतु त्यांतील माणसे पाहावीत! धर्माने, विवाहाने किंवा प्रवासाने समाजाच्या चौकटीबाहेर पडलेल्या, घर सोडून दूर गेलेल्या माणसांचे पुढे काय होते, त्यांच्या मुलांनी स्वतःला काय म्हणवावे, समाज त्यांना परत कसा घेईल, हे त्यांचे प्रश्न आहेत. नुसती नावेच पाहिली तरी गोंडवन, परागंदा, भटक्या ही सारी सीमेपलीकडची आणि वाटेवरची नावे आहेत. कोशात ज्यांची व्याख्या सुटली होती त्या माणसांची व्याख्या केतकर कादंबऱ्यांत शोधीत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘केतकरी कादंबरी’ हा ग्रंथ लिहून या उपेक्षित कथांकडे मराठी वाचकांचे लक्ष पुन्हा वेधले.

१९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. निजामाच्या राज्यात, जेथे दरबारची भाषा उर्दू होती, तेथे मराठीचा हा मेळावा भरावा आणि अध्यक्षस्थानी रायपूरला जन्मलेला कोशकार असावा, हा योग फार समर्पक होता. १९३५ मध्ये त्यांच्या ‘प्राचीन महाराष्ट्र’ या ग्रंथाचा सातवाहनकालावरील भाग निघाला. महाराष्ट्राचा सर्वांगीण इतिहास लिहिण्याचा तो आरंभ होता. ज्ञानकोशाचा लाभ गुजराती वाचकांनाही व्हावा म्हणून गुजराती आवृत्तीचे कामही त्यांनी हाती घेतले होते. ते पुरे होऊ शकले नाही.

एवढ्या कर्तृत्वाच्या बदल्यात त्यांना काय मिळाले? स्थिर नोकरी मिळाली नाही, संपत्ती मिळाली नाही. कोश उभा राहिला, परंतु कोशकाराची आर्थिक ओढाताण अखेरपर्यंत सरली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पुष्कळांच्या दृष्टीने ते विक्षिप्त होते, अव्यवहारी होते. पण अव्यवहारी माणसाने कंपनी काढली, छापखाना चालविला आणि तेवीस खंड वर्गणीदारांच्या हाती दिले. व्यवहारी म्हणविणाऱ्यांपैकी कितीजणांच्या नावावर एवढे काम आहे, हे ज्याने त्याने मोजावे.

लावलेले झाड

केतकरांची खरी मिळकत त्यांच्या पश्चात दिसून आली. ज्ञानकोशाच्या कचेरीत घडलेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी कोशकार्याचा वसा सोडला नाही. १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केले. त्यात मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच विस्ताराने सांगितला गेला आणि बोलींतील शब्दांनाही स्थान मिळाले. वाक्संप्रदायांचा कोश झाला. १९४८ साली ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ निघाला. अनेक शास्त्रांतील पारिभाषिक संज्ञांना त्यात मराठी प्रतिशब्द दिलेले आहेत. त्यानंतर सहा भागांचा ‘सुलभ विश्वकोश’ आला. दोन-चार माणसांनी, मानधनाची फारशी आशा न धरता, हे सारे केले. केतकरांनी कोश निर्माण केला हे खरे; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी कोशकार निर्माण केले.

स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच १९६० साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने जे मंडळ नेमले त्याने मराठी विश्वकोशाचे काम सुरू केले. तेथेही आरंभी तोच पेच उभा राहिला आणि नोंदींच्या आधी परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये काढावा लागला. अकारविल्हे नोंदींचा पहिला खंड १९७६ साली आला. वीस खंडांचा तो विश्वकोश २०१५ साली पूर्ण झाला. शासनाचे पाठबळ असूनही या कामास पन्नासांहून अधिक वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे केतकरांच्या बारा वर्षांची किंमत कळते. आज विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश दोन्ही संगणकावर घरबसल्या वाचता येतात. एके काळी ज्यांच्यासाठी वर्गणीदार शोधीत गावोगाव फिरावे लागले, ते खंड आता जबलपूरच्या, कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या मराठी घरात एका बोटाच्या स्पर्शावर येऊन उभे राहतात.

आता प्रश्न उरतो तो आपला. कोश उपलब्ध आहे, पण तो उघडणारा हात हवा. परप्रांतातील मंडळे गणेशोत्सव साजरा करतात, नाटके बसवितात, हळदीकुंकू करतात, आणि ते सारे व्हावयासच हवे. त्याच्या जोडीला एखाद्या संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात मुलांना एकेक शब्द देऊन त्याचा अर्थ फक्त मराठीत सांगावयास लावला तर? ग्रहण, व्याज, घटना, पेशी असे साधेच शब्द असावेत. कोणी अडखळेल, कोणी हिंदीची मदत घेईल, एखादी मुलगी स्वतःचाच नवा शब्द घडवील. मोठ्यांनी हसू नये, दुरुस्त करावे. व्याख्या चुकली तरी चालेल, ती मराठीत चुकावी. चुकलेली व्याख्या सुधारता येते. न केलेली व्याख्या कोणालाच सुधारता येत नाही.

केतकरांचे स्मारक कोठे बांधावे असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला, तर आमचे उत्तर हेच राहील. ज्या घरात मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मराठीत दिले जाते, ते घर रायपुरात असो, हैदराबादेत असो वा आणखी कोठे असो, तेथे त्यांचा चोविसावा खंड लिहिला जात असतो. आमच्या मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत त्या खंडात आपणां सर्वांच्या हातून चार ओळींची भर पडावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची प्रार्थना आहे.